फुकटच्या अ‍ॅपचा इतिहास

मोफत अ‍ॅपचे दुकान २००८ मध्ये उघडले, पण फोनबरोबर काहीतरी फुकट पदरात पडते ही सवय भारतीय ग्राहकाला त्याआधीच लागली होती. २००३ मध्ये आलेल्या नोकिया ११०० या फोनच्या वरच्या टोकाला एक छोटा दिवा होता. ‘सी’ हे बटण दाबून धरले की तो लागे. धूळ आत जाऊ नये म्हणून बटणांची पट्टी अखंड रबराची केलेली होती. जगभरात हा फोन पंचवीस कोटींहून अधिक खपला. महाराष्ट्रात ती वर्षे भारनियमनाची होती. शहराबाहेर दिवसाचे कित्येक तास वीज नसे, आणि रात्री पंप चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात विजेरीऐवजी फोन दिसू लागला. त्याच फोनात गजर होता, कॅल्क्युलेटर होता आणि १९९७ पासून नोकियाच्या फोनांत मुक्काम ठोकून असलेला सापाचा खेळ होता. या सगळ्याचे पैसे फोनच्या किमतीतच वसूल होत असल्यामुळे ते कोण देतो हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. पुढच्या वीस वर्षांत फुकटच्या अ‍ॅपचे रूप अनेकदा पालटले. प्रत्येक वेळी बदलला तो मुख्यतः पैसे भरणारा.

फोनच्या पोटात जे नव्हते त्याला मात्र दाम मोजावे लागत. कॉलर ट्यूनला महिन्याला तीसेक रुपये, क्रिकेटचा धावफलक किंवा राशिभविष्य मागवले की प्रत्येक संदेशाला वेगळा आकार. मोबाइल कंपन्यांच्या भाषेत या ‘मूल्यवर्धित सेवा’ होत्या. ग्राहकाच्या लेखी ती शिल्लक गायब होण्याची कारणे होती. न मागितलेली सेवा चालू होऊन पैसे कापले जात असल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की दूरसंचार नियामक ट्रायला २०१३ मध्ये दुहेरी संमतीची अट घालावी लागली.

एसएमएसची कथा यापेक्षा बोलकी आहे. पॅक घेतला की संदेश जवळजवळ फुकट पडत, पण दिवाळी, नववर्ष अशा ठरावीक दिवशी पॅक लागू नसे. शुभेच्छा द्यायच्या त्याच दिवशी पूर्ण दर. म्हणून लोक दिवाळीचा एसएमएस आदल्या संध्याकाळीच उरकून घेत. २०११ च्या सप्टेंबरात नको असलेल्या जाहिराती रोखण्यासाठी ट्रायने एका सिमवरून दिवसाला शंभर संदेशांची मर्यादा घातली आणि थोड्याच आठवड्यांत ती दोनशेवर नेली. मराठीत लिहिणाऱ्याची अडचण आणखी वेगळी होती. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावत, देवनागरीत फक्त ७०, आणि त्यात काना-मात्रा-वेलांट्याही स्वतंत्र धरल्या जात. सत्तरीच्या पुढे गेले की दोन संदेशांचे पैसे. रोमन अक्षरांत मराठी लिहिण्याची जी खोड एका पिढीला लागली, तिच्यामागे आळसाइतकाच हा हिशेबही होता.

अ‍ॅपलने आयफोन विकायला काढला जून २००७ मध्ये, पण बाहेरच्या प्रोग्रॅमरांना त्यात अ‍ॅप घालण्याची वाट मोकळी झाली १० जुलै २००८ रोजी. अ‍ॅप स्टोअर सुमारे पाचशे अ‍ॅप घेऊन उघडले आणि पहिल्या आठवडाअखेरीस एक कोटी डाउनलोड झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात गुगलचे अँड्रॉइड मार्केट आले. विक्रीच्या रकमेतले तीस टक्के दुकानदाराचे आणि सत्तर अ‍ॅप करणाऱ्याचे, हा रिवाज अ‍ॅपलने घालून दिला. मोफत अ‍ॅपच्या पोटात आणखी काही विकण्याची मुभा ऑक्टोबर २००९ पासून मिळाली. तोवर फुकटचे अ‍ॅप म्हणजे विकतच्या अ‍ॅपचा नमुना असे. या बदलानंतर ते स्वतःच दुकान झाले.

भारतात पहिला अँड्रॉइड फोन, एचटीसी मॅजिक, २००९ मध्ये आला. खरा प्रसार झाला तो दोन-तीन वर्षांनी, मायक्रोमॅक्स, कार्बन आणि सॅमसंगच्या स्वस्त फोनांनी. २०११ च्या गॅलॅक्सी वाय या लोकप्रिय फोनची अंतर्गत साठवण दोनशे एमबीसुद्धा नव्हती. एक अ‍ॅप घ्यायचे तर दुसरे काढायचे, अशी काटकसर करावी लागे. पैसे देऊन अ‍ॅप घ्यायचे तर क्रेडिट कार्ड हवे, आणि ते फार थोड्यांकडे होते. शिवाय पन्नास रुपयांखाली किंमतच लावता येत नसे. गुगलने ही किमान किंमत दहा रुपयांवर आणली तेव्हा २०१५ उजाडले होते आणि वेळ निघून गेली होती. ‘अ‍ॅप म्हणजे फुकटच’ हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्के बसले होते. भारतीय ग्राहक चिक्कू म्हणून विकतची अ‍ॅप चालली नाहीत, असे सरसकट म्हटले जाते ते अर्धेच खरे आहे. त्याच्याकडे पैसे देण्याची सोयच नव्हती.

मग पैसे दिले जाहिरातदारांनी. किराणा दुकानदार दिवाळीला स्वतःचे नाव छापलेली दिनदर्शिका फुकट वाटतो, तिथीवार पाहायला ती वर्षभर भिंतीवर राहते आणि दुकानाचे नावही राहते. अ‍ॅपमधल्या जाहिरातीचे मूळ गणित याहून वेगळे नाही. फरक एवढाच की दिनदर्शिका घरात काय चालले आहे ते दुकानदाराला कळवत नाही. मोबाइलवर जाहिराती पोचवण्याचा धंदा करणाऱ्या अ‍ॅडमॉब या कंपनीसाठी गुगलने नोव्हेंबर २००९ मध्ये ७५ कोटी डॉलर मोजायची तयारी दाखवली. याच धंद्यातली भारतीय कंपनी इनमोबी २००७ मध्ये मुंबईत एमखोज या नावाने, एसएमएसवरून माहिती शोधून देण्याच्या कल्पनेतून सुरू झाली होती. ती कल्पना चालली नाही. कंपनी जाहिरातींकडे वळली आणि बंगळुरूला गेली. अँग्री बर्ड्‌स हा खेळ २००९ मध्ये आयफोनवर ९९ सेंटना विकला गेला, वर्षभराने अँड्रॉइडवर आला तो जाहिरातींसह फुकट. एकच वस्तू, दोन ग्राहकवर्ग आणि दोन हिशेब.

नोकियाच्या त्या दिव्याचे पुढे काय झाले हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. नव्या स्मार्टफोनांना कॅमेऱ्याचा फ्लॅश होता, पण तो विजेरीसारखा लावण्याचे बटण सुरुवातीच्या अँड्रॉइडमध्ये नव्हते. त्यामुळे फ्लॅश चालू-बंद करणारी शेकडो मोफत अ‍ॅप निघाली. त्यांतले ‘ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट फ्री’ कित्येक कोटी फोनांवर पोचले. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याच्या कर्त्यावर ठपका ठेवला. हे अ‍ॅप फोनचे नेमके ठिकाण आणि फोनचा ओळखक्रमांक जाहिरात कंपन्यांना व इतरांना परस्पर कळवत होते, आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. अटींखाली ‘मान्य’ आणि ‘अमान्य’ अशी दोन बटणे होती, पण त्यांपैकी एखादे दाबले जाण्याआधीच माहिती बाहेर पडायला लागलेली असे. प्रकरण तडजोडीने मिटले आणि जमवलेली माहिती नष्ट करण्याचा हुकूम झाला. २०१३ मध्ये आयफोनच्या आणि २०१४ मध्ये अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीत विजेरीचे बटण फोनातच आले आणि या अ‍ॅपचा धंदा बसला. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून अ‍ॅपला कॅमेरा, फोनबुक, ठिकाण यांसाठी वेगवेगळी परवानगी मागणे भाग पडले. त्याआधी अ‍ॅप घेतानाच सगळे एकदम मान्य करावे लागे, नाहीतर अ‍ॅप मिळत नसे.

याच काळात नकाशाही फुकट झाला. वळणावळणाला रस्ता सांगणारी यंत्रे तोवर गाडीत बसवण्यासाठी वेगळी विकत घ्यावी लागत. २८ ऑक्टोबर २००९ रोजी गुगलने ही सोय अँड्रॉइडवर विनामूल्य जाहीर केली आणि त्याच दिवशी अशी यंत्रे बनवणाऱ्या गार्मिन व टॉमटॉम या कंपन्यांचे शेअर घसरले. इथे खर्च उचलत होता गुगलचा शोधजाहिरातींचा धंदा. दुसऱ्याची रोजीरोटी असलेली वस्तू स्वतःच्या दारात माणसे यावीत म्हणून फुकट वाटायची, ही चाल पुढे वारंवार दिसते.

व्हॉट्सअ‍ॅपने सुरुवातीची वर्षे जाहिरातही घेतली नाही. यान कूम आणि ब्रायन अ‍ॅक्टन या याहूतून बाहेर पडलेल्या दोघांनी २००९ मध्ये ते काढले. पहिले वर्ष मोफत, नंतर वर्षाला सुमारे एक डॉलर, म्हणजे त्या वेळचे पन्नास-पंचावन्न रुपये, असा दर होता. भारतात ते भरणारे विरळाच. मुदत संपत आली की ती आपोआप वाढून मिळे. त्या टांगणीच्या दिवसांत ‘हा संदेश दहा जणांना पाठवा, नाहीतर उद्यापासून व्हॉट्सअ‍ॅपला पैसे पडतील’ ही अफवा दर काही महिन्यांनी उगवायची, आणि फिरायची व्हॉट्सअ‍ॅपवरूनच. ते नोकियाच्या साध्या फोनांवरही चाले, नोंदणीला ई-मेल लागत नसे, फोन नंबर पुरे होई. दिवाळीच्या एसएमएसला पूर्ण दर लावणाऱ्या मोबाइल कंपन्यांच्या हातातून संदेशांचा धंदा गेला तो असा. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅप १९ अब्ज डॉलरना घेण्याचे ठरवले आणि जानेवारी २०१६ मध्ये वार्षिक वर्गणीही रद्द झाली. २०१७ च्या सुरुवातीला भारतात त्याचे वीस कोटी वापरकर्ते होते, २०१९ पर्यंत चाळीस कोटी. २०१८ पासून ग्राहकांना संदेश पाठवण्यासाठी मोठ्या कंपन्यांकडून पैसे घेतले जाऊ लागले. बँकेचा किंवा विमान कंपनीचा संदेश आता व्हॉट्सअ‍ॅपवर येतो त्याचे दाम पाठवणारा देतो.

एका सेकंदात शंभर माणसांना काहीही फुकट पाठवता येणे याची दुसरी किंमतही महाराष्ट्राने पाहिली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. देशभर अशा घटना घडत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे ढकलता येईल असे जाहीर केले, आणि जानेवारी २०१९ पासून ती मर्यादा जगभर लागू झाली.

व्हॉट्सअ‍ॅपवर अक्षरे मोजावी लागत नसल्याने मराठी पुन्हा देवनागरीत लिहिता येणार होती, पण लिहायची कशी? सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसत, किंवा जोडाक्षरे सुटी पडत आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर चढे. फोनचा कारभारच मराठीत चालवण्याची सोय अँड्रॉइड ५ बरोबर २०१४ मध्ये आली. त्याआधी, २०१३ मध्ये, आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये प्राध्यापक अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने ‘स्वरचक्र’ हा कळफलक मोफत दिला. त्यात व्यंजन दाबून धरले की भोवती वर्तुळ उमटे आणि त्यावर बाराखडी मांडलेली असे. ‘क’ दाबून बोट सरकवले की ‘का’, ‘कि’, ‘की’. टंकलेखन न शिकलेल्या, पण बाराखडी पाठ असलेल्या माणसासाठी ही रचना होती आणि तिच्यात जाहिरात नव्हती. खर्च संशोधनसंस्थेचा होता. पुढे गुगलचा कळफलक बहुतेक फोनांत आधीच बसून येऊ लागला. रोमन अक्षरांत ‘कसा आहेस’ लिहिले की तो देवनागरीत करून देई, आणि ऑगस्ट २०१७ पासून मराठी बोलून लिहिण्याची सोयही त्यात झाली. बोटांनी न लिहिणाऱ्या कितीतरी आजी-आजोबांना फोनशी मराठीत बोलणे त्या सोयीने शक्य केले. स्वरचक्र मागे पडले. संशोधनातून निघालेल्या चांगल्या वस्तूला जगवण्याची व्यवस्था नसली की असे होते.

२०१६ पर्यंत भारतातली सर्वांत लाडकी अ‍ॅप डेटा वाचवणारी होती. एक जीबी डेटाला दोनशे-अडीचशे रुपये पडत. त्यामुळे पाने आवळून आणणारा यूसी ब्राउझर, इंटरनेटशिवाय एका फोनातून दुसऱ्या फोनात सिनेमे देणारे शेअरइट, आणि असा मिळालेला कोणताही व्हिडिओ चालवणारा एमएक्स प्लेयर हे त्रिकूट सर्वत्र दिसे. मोबाइल रिचार्जच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचा एक जोडधंदा होता. शेअरइटने तो मोडीत काढला.

डेटा महाग असल्याने तो फुकट देऊ करणारेही पुढे आले. फेसबुकने २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर काही निवडक संकेतस्थळे बिनडेटा उघडून देणारी योजना आणली, जिचे नाव पुढे ‘फ्री बेसिक्स’ झाले. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती झळकल्या. फुकट काय मिळावे हे फेसबुकने ठरवायचे का, असा विरोधकांचा सवाल होता. ट्रायकडे दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली. गरिबाला फुकट मिळणारे काढून घेतले, असा टाहो तेव्हा काहींनी फोडला. सात महिन्यांतच, ५ सप्टेंबर २०१६ रोजी, जिओ सुरू झाले. मार्च २०१७ अखेरपर्यंत डेटा फुकट होता आणि त्याआधीच, फेब्रुवारीत, जिओने दहा कोटी ग्राहकांचा टप्पा ओलांडला. नंतरही दर इतके खाली राहिले की डेटा वाचवणाऱ्या अ‍ॅपची गरज ओसरली. त्यांतली यूसी ब्राउझर आणि शेअरइट ही चिनी अ‍ॅप सरकारने संपवली. गलवानच्या चकमकीनंतर २९ जून २०२० रोजी ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी आली. टिकटॉकचा गवगवा सर्वाधिक झाला, पण कचेऱ्या आणि शाळांची खरी अडचण झाली ती कॅमस्कॅनर गेल्याने. ‘कॅमस्कॅनर करून पाठवा’ हे तोवर रोजचे वाक्य होऊन बसले होते.

मुंबईकराच्या फोनात याहून वेगळ्या जातीचे एक अ‍ॅप असते. लोकलचे वेळापत्रक पूर्वी स्टेशनाबाहेर छोट्या पुस्तिकेत मिळे. गाड्या मिनिटांवरून ओळखल्या जातात, ८:२२ची जलद आणि ८:२६ची धिमी या प्रवाशांच्या लेखी दोन वेगळ्या वस्त्या असतात. सचिन टेके यांचे एम-इंडिकेटर हे अ‍ॅप स्मार्टफोनांच्या आधीच्या जावा फोनांवरही चालत असे. वेळापत्रक फोनातच साठवलेले असल्याने गर्दीत नेटवर्क गेले तरी ते उघडते. हेच त्याच्या यशाचे मर्म. त्यात पुढे बेस्टचे मार्ग, रिक्षा-टॅक्सीचे मीटरदर, रविवारचा मेगाब्लॉक, इतकेच काय नाटकांचे प्रयोगही आले. मीटरचा आकडा आणि भाडे यांचा मेळ घालण्यासाठी रिक्षावाल्याकडे दरपत्रक मागण्याची वेळ त्यामुळे टळली. हे शहराच्या गरजा जाणणाऱ्या माणसाने केलेले अ‍ॅप आहे आणि ते जाहिरातींवर चालते. बंगळुरूच्या सिग्मॉइड लॅब्जने केलेले ‘व्हेअर इज माय ट्रेन’ लांब पल्ल्याच्या गाडीचा ठावठिकाणा इंटरनेट नसतानाही मोबाइल टॉवरवरून सांगते. गुगलने ती कंपनी २०१८ मध्ये विकत घेतली. रेल्वेने स्वतः यूटीएस अ‍ॅपवरून बिनकागदी तिकीट २०१५ मध्ये मुंबईच्या पश्चिम मार्गावर आणले, तेव्हा एक मजेदार अट घालावी लागली. स्टेशनाच्या आवारात आणि रुळांलगत ते निघत नसे. तसे नसते तर तिकीट तपासनीस समोर दिसल्यावरच कित्येकांनी ते काढले असते.

पैसे न घेणारी काही अ‍ॅप दुसऱ्यांची माहिती हे भांडवल करतात. स्टॉकहोममध्ये २००९ साली निघालेल्या ट्रूकॉलरला सर्वाधिक वापरकर्ते भारतात मिळाले, कारण कर्ज, विमा आणि भूखंडांच्या फोनांनी लोक हैराण होते. अनोळखी नंबरामागचे नाव त्याला कळायचे ते सुरुवातीच्या काळात वापरकर्त्यांनी सामायिक केलेल्या फोनबुकांतून. म्हणूनच एखाद्या सद्‌गृहस्थाचा फोन आला की पडद्यावर ‘बंड्या गॅस’ उमटे. त्या गृहस्थाने ते अ‍ॅप कधी घेतलेलेही नसे.

फोनबुकाचा सर्वांत वाईट वापर कर्ज देणाऱ्या अ‍ॅपनी केला. अ‍ॅप फुकट, कर्ज काही हजारांचे, आणि हप्ता चुकला की नातेवाईक, वरिष्ठ, शेजारी यांना धमक्या. टाळेबंदीत नोकऱ्या गेल्या तेव्हा यांचे पेव फुटले. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ च्या सुरुवातीला सुमारे ११०० कर्ज-अ‍ॅप आढळली, त्यांतली ६०० बेकायदा होती. बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम केले आणि ३१ मे २०२३ पासून प्ले स्टोअरने कर्ज-अ‍ॅपना फोनबुक व छायाचित्रे पाहायला बंदी केली. नागरिकाच्या डिजिटल माहितीच्या रक्षणाचा कायदा संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केला. तोवर विजेरीच्या त्या खटल्याला दहा वर्षे होत आली होती.

सरकारही आता अ‍ॅप करते. २०१५ पासून डिजिलॉकरने वाहन परवाना आणि गुणपत्रिका फोनात आणल्या, आणि तो बहुतेकांना सोयीचाच वाटतो. महाराष्ट्राच्या ई-पीक पाहणीबद्दल मत इतके सरळ देता येत नाही. शेतात कोणते पीक उभे आहे याची गाव नमुना १२ मधली नोंद पूर्वी तलाठी करी, आणि तो बांधावर न जाता ती करतो अशी तक्रार जुनीच होती. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढायचे आणि अ‍ॅपवर नोंद करायची असे ठरले. सातबाऱ्यावर खरे पीक लागण्याची शक्यता त्यामुळे वाढली. पण नेटवर्क नसलेल्या शिवारात, जुन्या फोनावर, मुदत संपत आलेली असताना ती नोंद करण्याचे काम शेतकऱ्याच्या गळ्यात पडले. विमा, नुकसानभरपाई आणि हमीभाव त्या नोंदीवर अवलंबून असल्याने हे अ‍ॅप नको म्हणण्याची सोय नाही. इथे किंमत श्रमात मोजली जाते.

रोजच्या वापरातले एक फार मोठे फुकट अ‍ॅप पैसे देण्याघेण्याचे आहे. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, बँकांना जोडणारी यूपीआय ही व्यवस्था उभी केली. रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते ११ एप्रिल २०१६ रोजी तिचा प्रायोगिक प्रारंभ झाला. नोव्हेंबरात नोटाबंदी आली. ३० डिसेंबरला भीम अ‍ॅप निघाले, २०१७ च्या सप्टेंबरात गुगलचे तेज, जे पुढे गुगल पे झाले आणि पहिल्या दिवसापासून मराठीत होते. सुरुवातीला पैसे दिले गुंतवणूकदारांनी. स्क्रॅच कार्ड खरवडून मिळणारे अकरा-एकवीस रुपये ही माणसे जोडण्याची किंमत होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये महिन्याला एक अब्ज व्यवहार झाले, ऑगस्ट २०२३ मध्ये दहा अब्ज, ऑगस्ट २०२५ मध्ये वीस अब्ज. बक्षिसे मात्र आटत गेली आणि दुकानात रक्कम ओरडून सांगणाऱ्या डब्याचे मासिक भाडे सुरू झाले. यूपीआयचे सुमारे ऐंशी टक्के व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोघांवरच होतात. कोणालाही तीस टक्क्यांहून अधिक वाटा नसावा हा एनपीसीआयचा नियम २०२० मध्ये जाहीर झाला, पण त्याची मुदत पुढे पुढे जात २०२६ अखेरपर्यंत गेली आहे.

कार्डाच्या व्यवहारात दुकानदाराकडून बँक काही टक्के कापून घेते. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर ही कपात शून्य केली गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने आकाराचा विषय चर्चेला आणला तेव्हा ओरड झाली आणि अर्थमंत्रालयाने असा विचार नसल्याचे लगेच स्पष्ट केले. सर्व्हर, बँकांची यंत्रणा, फसवणुकीवर पाळत यांचा खर्च त्याने थांबत नाही. म्हणून केंद्र सरकार बँका आणि अ‍ॅपचालकांना प्रोत्साहनपर अनुदान देते. १९ मार्च २०२५ रोजी मंत्रिमंडळाने २०२४-२५ या वर्षासाठी सुमारे १५०० कोटी रुपये मंजूर केले. आधीच्या वर्षीची रक्कम याच्या दुपटीहून अधिक होती. २०२४-२५ मध्ये छोट्या दुकानदाराला दोन हजारांपर्यंतची रक्कम दिली की तिच्या ०.१५ टक्के इतके हे अनुदान होते. शंभर रुपयांची भाजी यूपीआयवर घेतली की ते पंधरा पैसे होत, आणि ते करदात्याच्या खिशातून जात.